झळांची वाटणी

इस्त्रीला आलेल्या कोटाचे खिसे आधी रिकामे करायचे, हा आमच्या दुकानाचा नियम. रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलचे चाळीस-पन्नास पांढरे कोट रोज आमच्याकडे येतात आणि डॉक्टर लोक खिशात काय ठेवतील याचा नेम नाही. पेनं, च्युइंगम, अर्धी बिस्किटं, एकदा तर कुणाची तरी कवळी. त्या दिवशी एका खिशातून चार घड्या घातलेलं पत्रक निघालं. टाकूनच देणार होते, पण वरची ओळ वाचली आणि थांबले.

‘पंचेचाळीस ते अठ्ठावन्न वयाच्या महिला हव्या आहेत.’

आमच्या वयाच्या बायका कुणाला तरी हव्या आहेत, असं मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. खाली लिहिलं होतं की पाळी थांबताना किंवा थांबल्यावर ज्यांच्या अंगातून अचानक गरम झळा येतात, दिवसातून सात किंवा जास्त वेळा, त्यांनी नव्या गोळीच्या चाचणीत भाग घ्यावा. मी ते मोठ्याने वाचलं, कारण मागे स्टुलावर जाऊबाई बसल्या होत्या.

“सातच?” जाऊबाई म्हणाल्या. “सात तर माझ्या सकाळच्या चहाच्या आत होतात.”

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. घर एक, दुकान एक, आमचे नवरे सख्खे भाऊ. ते कपडे आणायचं-पोचवायचं बघतात आणि टेबल आम्ही बघतो. म्हणजे सत्तावीस वर्षं जाऊबाईंनी बघितलं. शर्टाची बाही त्यांनी एकदा दाबली की ती धुवायला टाकेपर्यंत घडी सोडत नसे. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर स्वतः येऊन सांगून जात, “माझा कोट त्या मोठ्या बाईंकडे द्या.” मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत.

मग झळा सुरू झाल्या. पायांपासून भडका उठायचा तो केसांच्या मुळांपर्यंत, डोळ्यांसमोर धुकं, हाताला थरथर. अशा एका झळेत इस्त्री एका कॉलरवर तीन सेकंद जास्त टेकली. महिन्याभरात दुसऱ्या कॉलरवर. तिसऱ्या वेळी स्वतःच्या मनगटावर. त्या दिवशी जाऊबाईंनी इस्त्री उभी केली, स्विच बंद केला आणि म्हणाल्या, “हा हात आता माझा राहिला नाही.” तेव्हापासून त्या घड्या घालतात आणि चिठ्ठ्या लावतात.

पण हात थांबला तरी जीभ कुठे थांबते? दीड वर्ष त्या स्टुलावरून, कपड्यांच्या ऐवजी, मला इस्त्री करत होत्या. “खांदा आधी. अगं, खांदा. कॉलर काय पळून जातेय?” जाऊबाईंना पुन्हा टेबलापाशी उभं करायचं, हे मी तेव्हाच मनाशी धरलं होतं. मायेपोटी म्हणा, नाहीतर कानांच्या सुटकेपोटी. रोज दुकान बंद करताना त्या थंड इस्त्रीवरून एकदा हात फिरवायच्या. ते मला बघवत नसे.

झळा मलाही होत्या, दिवसाला दहा. त्यांना चौदा. एवढी एकच गोष्ट आमच्यात असमान होती.

हे जरा सांगायला हवं. मी या घरात नवीन असताना सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच ठाणातून कापड आणलं होतं. माझं वीतभर जास्त निघालं. त्यावरून आम्ही दोघी अकरा महिने बोललो नाही. दूध उतू जात असलं तरी मी शेजारच्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याला सांगायची, “तुमच्या वहिनींना सांगा, दूध चाललं.” अकराव्या महिन्यात जाऊबाईंनी कात्री आणली, त्या वीतभर कापडाचे बरोबर दोन तुकडे केले आणि कायदा करून टाकला: या घरात दोघींना सगळं सारखं. तेव्हापासून केकचा तुकडासुद्धा शिंप्याच्या टेपने मोजला जातो. माझी अक्कलदाढ काढली तेव्हा त्या चार दिवस गाल चाचपत होत्या, आपलं काही राहून गेल्यासारख्या.

तर आम्ही गेलो. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, रंग दिलेल्या पण वास न गेलेल्या एका खोलीत चाचणीची सिस्टर बसली होती. तिचा एक चष्मा नाकावर होता आणि एक डोक्यावर. तिसरा ती शोधत होती.

“दिवसाला किती वेळा?” तिने विचारलं.

“चौदा,” जाऊबाई म्हणाल्या.

“इस्त्रीच्या दुकानात काम करता ना? मग झळ आतली की इस्त्रीची, कसं ओळखता?”

“इस्त्रीचा स्विच सापडतो.”

सिस्टरने लिहायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग ते तसंच लिहिलं.

संमतीपत्र बावीस पानांचं होतं. सिस्टर एकेक पान वाचून समजावत होती आणि जाऊबाई प्रत्येक पानाला, लग्नाची बोलणी चालल्यासारख्या, मान डोलावत होत्या. मी सहाव्या पानापर्यंत ऐकलं. सातव्याला मला झळ आली आणि मी त्याच पानाने वारा घेतला. तेवढंच कानावर आलं की निम्म्या बायकांना खरी गोळी मिळणार, निम्म्यांना दिसायला तशीच पण नुसती साखरेची, आणि कुणाला कोणती हे सिस्टरलाही कळणार नाही.

“मग ठरवतं कोण?” जाऊबाईंनी विचारलं.

“कॉम्प्युटर.”

“त्याला सांगा, या दोघी एका घरातल्या आहेत.”

“काकू, त्याला तसं काही सांगता येत नाही.”

“मग कसला हुशार,” असं म्हणून जाऊबाईंनी सही केली.

जाऊबाईंना एकेचाळीस नंबरची बाटली मिळाली, मला बेचाळीस. रोज सकाळी एक गोळी, आणि एक डायरी, तीत दिवसभरातल्या झळा लिहायच्या. दर महिन्याला बाटली परत आणायची, सिस्टर उरलेल्या गोळ्या मोजणार, नवीन बाटली देणार. तीन महिने.

घरी आल्यावर जाऊबाईंनी दोन्ही बाटल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहत बसल्या.

“समजा तुझी साखरेची असली,” त्या म्हणाल्या. “मी बरी होणार आणि तू शेजारी उभी राहून उकडणार. हे मला झेपायचं नाही.”

“आणि तुमची असली तर?”

“तर तुझं तोंड बघवणार नाही.”

उपाय त्यांनी दोन मिनिटांत काढला. विषम तारखेला आपापल्या बाटलीतली गोळी घ्यायची, सम तारखेला एकमेकींच्या. औषध निम्मं निम्मं, साखर निम्मी निम्मी, बाटलीतला आकडाही बरोबर. यात काही चूक आहे हे आम्हा दोघींच्या मनातही आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. उलट हॉस्पिटलच्या लोकांना एवढं साधं सुचू नये याची आम्हाला कीव आली. सकाळचा चहा मी करते, तेव्हा दोन बश्यांत दोन गोळ्या काढायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या महिन्यात जाऊबाईंच्या चौदाच्या आठ झाल्या, माझ्या दहाच्या सहा. सिस्टरने गोळ्या मोजल्या, डायऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, “इतका चोख कारभार माझ्याकडे एकाही पेशंटचा नाही.” जाऊबाई खुर्चीत दोन बोटं उंच झाल्या.

पण टेबलापाशी त्या आल्या नाहीत. मी इस्त्री पुढे केली तेव्हा हात मागे घेतला. “आठ म्हणजे आठच ना. त्यातली एक नेमकी कॉलरवर आली तर? अर्धी बरी झालेली बाई अर्धा शर्ट जाळते.”

मला राहवेना. दोनपैकी एक बाटली खरी आहे, हे आता मी धरून चालले होते. ती पुरती जाऊबाईंच्या पोटात गेली तर? बश्या माझ्याच हातात होत्या. कोणती बाटली खरी हे शोधायला मी एक आठवडा अदलाबदल बंद केली. त्यांना रोज त्यांचीच गोळी, मला माझीच. आठवड्याअखेर जाऊबाई तेरावर गेल्या आणि मी तीनवर आले. म्हणजे माझी बेचाळीस नंबरची बाटली खरी. जाऊबाईंना संशय नको म्हणून माझ्या डायरीत मी नऊ-दहा लिहीत होते. त्या संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ओला रुमाल मानेवर ठेवायच्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. चोराच्या मनातलं काय ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या सोमवारपासून मी बेचाळीसची गोळी रोज जाऊबाईंच्या बशीत टाकायला लागले आणि एकेचाळीसची माझ्या.

तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंच्या झळा दोनवर आल्या. बुधवारी दुपारी मी एका कोटाशी झटत होते, तेव्हा मागून आवाज आला, “सरक.”

मी सरकले. त्यांनी इस्त्री उचलली, वजन पाहिल्यासारखी जरा हलवली आणि खांद्यापासून सुरुवात केली. पाच मिनिटांत कोट झाला. त्यांनी तो उजेडात धरला, मग माझ्या सकाळच्या कोटांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हे सगळे पुन्हा करावे लागणार.” इतका आनंद मला कुठल्याही अपमानाने झाला नव्हता.

आता माझी गंमत ऐका. मी दहावरून बारावर गेले होते. झळ आली की काहीतरी निमित्त काढून मी शेजारच्या दुकानात जायची आणि त्याच्या थंड पेयांच्या फ्रीजमध्ये डोकं घालून बाटल्या निवडायची. “हवंय काय तुम्हाला, काकू?” तो दुकानदार विचारायचा. “बघतेय,” मी म्हणायची. तीन आठवडे बघत होते, घेतलं काहीच नाही. शेवटी त्याने फ्रीजला कुलूप घातलं.

शिवाय डायरी. जाऊबाई रोज रात्री जेवणानंतर दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवून आकडे जुळवायच्या. बारा लिहिले असते तर माझं बिंग तिथेच फुटलं असतं. म्हणून मी दोन लिहायची, कधी तीन. पुढच्या भेटीत सिस्टर माझी डायरी बघून इतकी खूश झाली की तिने नाकावरचा चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “काकू, तुम्हाला किती हलकं वाटत असेल,” ती म्हणाली. मी “हो” म्हटलं तेव्हा घाम माझ्या पाठीवरून खाली चालला होता.

सापडले ती कपड्यांमुळे. घरचे कपडे आठवड्यातून एकदा धुवायला जातात, आणि ते वेगळे करायचं काम जाऊबाईंचं. त्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. जमिनीवर माझे टॉप ओळीने मांडले होते, पाठ वर करून. एकोणीस. प्रत्येकाच्या पाठीवर आणि कॉलरला पांढरी रेघ, वाळलेल्या घामाच्या मिठाची.

“आठवड्याचे दिवस किती?” जाऊबाईंनी विचारलं.

“सात.”

“ही रेघ मी सत्तावीस वर्षं बघतेय. ज्याला दिवसात दोनदा घाम येतो त्याची अशी नसते. डायरीत काय लिहिलंस काल?”

“दोन.”

“आणि होत्या किती?”

मी सगळं सांगितलं. आठवडाभर केलेला प्रयोगसुद्धा. त्या गळ्यात पडतील अशी माझी अपेक्षा नव्हती, पण थोडं डोळ्यांत पाणी वगैरे येईल असं वाटलं होतं. जाऊबाईंच्या नाकपुड्या तेवढ्या फुलल्या.

“मला न विचारता जास्तीचा वाटा वाढलास.”

“अहो, पण तुम्ही टेबलापाशी उभ्या राहिलात ना?”

“तुझ्या पाठीवर. मी तुझ्या पाठीवर इस्त्री करत होते इतके दिवस.” त्यांनी सगळे टॉप गोळा करून बादलीत कोंबले. “आणि मूर्खासारखी खुशीत होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत गोळ्या नव्हत्या. जाऊबाई दोन्ही बाटल्या पिशवीत घालून दारात उभ्या होत्या, चपला घालून. “चल. त्या बाईला सांगायला हवं. तिने चष्मा पुसला होता तुझी डायरी वाचायला.”

सिस्टरने शांतपणे ऐकलं. आधी तिने डोक्यावरचा चष्मा काढला, मग नाकावरचा, मग दोन्ही हातांनी डोळे झाकले.

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून,” जाऊबाई म्हणाल्या. “अदलाबदल माझी. हिचा दोष नाही.”

“डायरी खोटी लिहिली ती मी,” मी म्हटलं. “त्यांचा दोष नाही.”

“दोषाची पण वाटणी करताय का?” सिस्टर म्हणाली. मग तिने आमच्या नाड्या पाहिल्या, रक्त घ्यायला पाठवलं, दुसऱ्याचं औषध घेतलं की काय काय होऊ शकतं ते ऐकवलं. यातलं काही झालं असतं तर बश्या माझ्या हातातल्या होत्या.

रक्त देऊन परत आलो तेव्हा ती एक फॉर्म भरत होती. ‘नियमभंगाचे कारण’ असं लिहून पुढे एवढीशी जागा होती.

“इथे काय लिहू?”

“लिहा, एका घरातल्या,” जाऊबाई म्हणाल्या.

सिस्टरने पेन खाली ठेवलं. “काकू, दोनशे बायका आहेत यात. तुमचे आकडे धरले असते तर औषध अर्धंच चालतं असं निघालं असतं. मग पुढचे धरले असते, दोन्ही बाटल्यांवर दोन-दोन झळा, तर साखरही चालते असं. कुणीतरी नुसती साखर घेऊन खरे आकडे लिहिल्याशिवाय औषधाचं काही कळतच नाही.”

जाऊबाईंनी पिशवीतून दोन्ही बाटल्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. “म्हणजे साखर खाणारी बाई फसलेली नसते?”

“तिच्याच तर जिवावर सगळं चालतं.”

“हे आधी सांगायला हवं होतं.”

“सांगितलं होतं. पान सात.”

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या पानाने वारा घेतला होता.

आमची नावं काढली गेली. सिस्टरने पुढच्या बिल्डिंगमधल्या बाईडॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली, म्हणाली, चाचणी संपली म्हणजे उपचार संपले असं नाही. त्या डॉक्टरांनी तपासलं, रोज चालायला सांगितलं, एक साधं औषध दिलं, चहा कमी करायला लावला. जाऊबाई बारावर आल्या, मी आठवर. डॉक्टर म्हणाल्या, धीर धरा.

टेबलापाशी पुन्हा मी आणि स्टुलावर त्या. पण चार दिवस झाले तरी मागून एक शब्द नाही. मी मुद्दाम कॉलरीपासून सुरुवात केली, तरी नाही. दीड वर्ष ज्या बोलण्याने माझे कान किटले होते ते थांबल्यावर दुकानात मला कसंतरी व्हायला लागलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलेलं होतं. त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊबाई उभ्या होत्या. स्टूल बाहेर पायरीवर गेलं होतं.

“झळ येण्याच्या आधी पायाला कळतं,” त्या म्हणाल्या. “दोन-चार सेकंद मिळतात. मला आली की इस्त्री तुझ्या हातात. तुला आली की माझ्या. जमेल?”

“आणि दोघींना एकदम आली तर?”

“तर उभी करायची आणि त्या फ्रीजवाल्याकडे जायचं. या वेळी काहीतरी विकत घेऊ.”

तसं चालू आहे. पहिल्या आठवड्यात आमचे हात एकमेकींवर आपटायचे, आता न बघता इस्त्री जाते आणि येते. एकाच शर्टाची एक बाही त्यांची असते, एक माझी. मोठे डॉक्टर येऊन कोट उलटसुलट करून बघतात. उजवी बाजू ओळखीची वाटते आणि डावीकडे काय झालं ते त्यांना कळत नाही.

परवा सिस्टर स्वतः दुकानात आली. चाचणी संपली होती, कॉम्प्युटरची यादी उघडली होती, आणि आमची नावं काढलेली असली तरी विचारलं तर सांगायची परवानगी तिने काढली होती. “एकेचाळीस आणि बेचाळीसमध्ये काय होतं, सांगू?”

माझा जीव कानात आला होता.

“नको,” जाऊबाई म्हणाल्या. “हिची साखरेची निघाली तर ही म्हणेल, मनाने बरी झाले, आणि डोक्यावर बसेल. माझी निघाली तर महिनाभर हिने माझ्यासाठी झळा सोसल्या हे नक्की होईल. मग मी काय काय सारखं करत बसू? असू दे तुमच्याकडेच.”

“मला सांगा, सिस्टर,” मी म्हटलं. “हळूच. बाहेर चला.”

सिस्टर हसत दाराकडे वळली. मीही निघाले होते, तेवढ्यात जाऊबाईंच्या पायांपासून भडका उठला. चेहरा लाल होऊ लागला, आणि टेबलावर कुणाचा तरी पांढरा कोट अर्धा झालेला होता.

“धर,” त्या म्हणाल्या.

मी परत फिरले आणि इस्त्री घेतली.

“शिवणीपासून,” जाऊबाई रुमालाने मान पुसत म्हणाल्या. “अगं, शिवणीपासून. मधून नको.”